मदत हवी आहे: आठ वर्षांच्या मुलाचं वजन वाढतंय, एकत्र कुटुंबात सवयी कशा बदलाव्यात?

नमस्कार. आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. शेती आहे. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि चार लेकरं. माझा मोठा मुलगा तिसरीत आहे. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं, त्यांनी उंची १२६ सें.मी. आणि वजन २९ किलो लिहून दिलं आणि एकदा लेकरांच्या डॉक्टरला दाखवा म्हणाले. दाखवलं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.३ निघाला. मोठ्या माणसाला हा आकडा कमीच म्हटला असता, पण मुलांचा बीएमआय वयाच्या तक्त्यावर पाहतात आणि त्या तक्त्यावर हा जादा वजनात येतो. लठ्ठपणाच्या रेषेच्या अजून खाली आहे. उंची नीट वाढतेय म्हणून कसल्या तपासण्या सांगितल्या नाहीत, औषधही नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात वजन उतरवायच्या मागे लागू नका, उपाशी तर मुळीच ठेवू नका. वजन आहे तिथे थांबलं तरी उंची वाढेल तसं सगळं जागेवर येईल. मात्र बदल करायचा तो सगळ्या घराने करायचा, एकट्या त्याने नाही.

हे शेवटचंच अवघड आहे, म्हणून इथे विचारतेय.

आमच्याकडे दिवस चहाने सुरू होतो, लेकरांचाही, आणि सोबत टोस्ट नाहीतर खारी. दुपारी शाळेतली खिचडी, तिची मला काळजी नाही. शाळेतून आला की मामंजी हातावर दहा रुपये ठेवतात आणि चारही जण दुकानाकडे पळतात. पोंग्याचं पाकीट, एखादं चॉकलेट, उन्हाळ्यात रंगीत पेप्सी (पिशवीतलं गोठवलेलं साखरपाणी). संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री टीव्हीसमोर ताट. मालिका संपेपर्यंत घर जागं, मग लेकरंही जागी. पूर्वी घरची ज्वारी असायची, आता रानडुकरांच्या त्रासाने आणि सोयाबीनच्या नादाने ती पेरणंच बंद झालं. रेशनचा तांदूळ आणि गहू येतो, तेव्हा दोन्ही वेळ भात आणि पोळी. भाकर झाली तर पाहुण्यांसाठी, चुनासोबत (पिठल्यासोबत).

सासूबाईंशी मला भांडायचं नाही. त्यांनी ७२ चा दुष्काळ लहानपणी पाहिला आहे. मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी आणि वाटपाची सुकडी खाऊन त्यांनी दिवस काढलेले. भरल्या अंगाचं लेकरू पाहून त्यांना जे समाधान वाटतं ते मला कळतं. पण मी दुसऱ्यांदा भात वाढला नाही की त्या म्हणतात, "खाऊ दे ना वो त्याले. खात्या लेकराले काऊन टोकतं?" आणि स्वतःच्या ताटातला घास त्याच्या ताटात जातो. जावेचा मुलगा त्याच्याच वयाचा, अगदी काटकुळा. त्याला जे चालतं ते माझ्या मुलाला नाही असं कसं सांगू?

शिवाय त्याला कळायला लागलं आहे. वावरात मोटार चालू असली की पोरं पाण्याखाली आंघोळीला पळतात. आताशा हा सदरा अंगात ठेवूनच भिजतो, आणि बाहेर आला की दोन्ही हातांनी पोटावरचं ओलं कापड पुढे ओढून धरतो, चिकटू नये म्हणून. कोणीतरी काहीतरी म्हटलं असणार. त्यामुळे घरात त्याच्यासमोर वजनाचा विषय मी काढत नाही आणि काढू देत नाही.

ज्यांनी मोठ्या घरात असं काही बदललं आहे त्यांनी कृपया सांगा. सुरुवात कुठून केली? म्हाताऱ्या माणसांना न दुखवता कसं समजावलं? शहरातले सल्ले (ओट्स, जिम, स्विमिंग क्लास) इथे उपयोगाचे नाहीत.

प्रतिसाद

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात बरीच वर्षं अंगणवाडीचं काम केलं. सासूबाईंना समजावू नका, त्यांना स्वयंपाकात पुढे करा. "आई, तुमच्या हातच्या ज्वारीच्या कण्या करा", "अंबाडीची भाजी तुमच्यासारखी मला जमत नाही", असं म्हणा. त्यांच्या लहानपणीचं जेवण म्हणजे ज्वारी, अंबाडी, चिवळ, आंबील, हिवाळ्यात तुरीचे सोले. तुमच्या मुलाला नेमकं हेच पाहिजे. खाऊ घालायची त्यांची हौस भागते आणि पोटात भातावर भात जात नाही. ज्वारी विकत आणा, आठवड्यातून दोन-तीनदा भाकर झाली तरी पुष्कळ.

नियम चारही लेकरांना एकच ठेवा. पोंगे काटकुळ्यालाही नकोतच, त्याने त्याचं अंग भरत नाही. त्याला वरून अंडं, दूध, फल्लीदाणे द्या, तुमच्या मुलालाही अंडं द्या. फरक ताटात दिसू देऊ नका. मामंजींचे दहा रुपये बंद करायला गेलात तर घरात वाद होईल. त्यापेक्षा ते संध्याकाळी वावराकडे जातात तेव्हा नातवंडं सोबत पाठवा, पैसे आठवडी बाजाराच्या दिवशी द्या आणि फळं घ्यायला लावा. आपल्याकडे संत्री, बोरं, सीताफळं त्या त्या दिवसांत स्वस्तात मिळतात.

दुकान शाळेच्या फाटकाजवळ असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमाप्रमाणे जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत.

प्रतिसाद

वरच्या ताईंशी सहमत. मी आहारशास्त्र शिकले आहे, थोडे आकडे देते. मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी. कोल्ड्रिंकची २५० मिलीची एक बाटली तेवढी मर्यादा एकटीच ओलांडते. दोन वेळचा चहा आणि टोस्ट धरले तर बाटलीशिवायही निम्मी भरते. म्हणून पहिला बदल मी चहाचा करीन. लेकरांचा चहा बंद, त्याऐवजी साधं दूध आणि घरात जे असेल ते: उकडलेले हरभरे, रात्रीची भाकर, मुठभर फल्लीदाणे. तेलाचा हिशेब माणशी महिन्याला अर्धा लिटर धरतात. दहा माणसांचं घर आहे, डबा किती दिवसांत संपतो ते पाहा, म्हणजे कोणालाही न टोकता कळेल.

झोपेकडे दुर्लक्ष करू नका. या वयाला ९ ते १२ तास लागतात. अपुरी झोप झाली की भूक वाढते, तीही गोड-तळलेल्याची. टीव्ही बंद करून जेवायला सगळे एकत्र बसलात तर झोपेची वेळ आपोआप अलीकडे येईल. खेळ रोज तासभर, दमछाक होईल असा. कबड्डी, लगोरी, सायकल, काहीही. आणि "अभ्यास केलास तर चॉकलेट" हे घरात कोणी म्हणत असेल तर ते थांबवा.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. कण्यांची कल्पना मला सुचलीच नव्हती. जावेशी बोलले, चहा बंद करायला ती तयार आहे, तिच्या मुलीचे दात किडताहेत म्हणून. टीव्हीचं मामंजींशी यांनाच बोलायला लावते, मी बोलले तर वेगळं दिसेल.

एक अडचण राहिलीच. आमचा खारपाणपट्टा आहे, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. प्यायचं पाणी भरून ठेवतो, पण लेकरं पाण्यापेक्षा सरबतच मागतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी ४५ अंशांत बाहेर सोडता येत नाही, शाळेला सुट्टी, म्हणजे दिवसभर घरात मोबाईल आणि सरबत. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडचं कोणी असेल तर सांगा, दुपारचे ते चार-पाच तास तुम्ही लेकरांना कशात गुंतवता आणि प्यायला काय देता?