यार्ड भिवंडीजवळ घ्यावं की तळोज्याला?

कळंबोलीचा ट्रेलरवाला: मी आणि मावसभाऊ मिळून सहा ट्रेलर चालवतो, भिवंडीची गोदामं ते न्हावा शेवा बंदर. शीळफाट्यावर कोंडीत रात्रीची रात्र जाते. आता एक गिऱ्हाईक म्हणतंय, दिल्लीकडचा माल एका यार्डात गोळा करून रेल्वेने पाठवू. भिवंडी रोड वसई–दिवा मार्गावर, तळोजा दिवा–पनवेलवर. गोदामांपासून जवळचं तेच घ्यायचं ना?

निवृत्त मालवाहतूक नियोजक: नुसतं अंतर पाहू नका. रेल्वे म्हटली की दोन्ही टोकांना ट्रक आणि क्रेनची उचल-ठेव आलीच. हा खर्च पन्नास किलोमीटरलाही तेवढाच, हजारालाही तेवढाच. त्यामुळे भिवंडी–न्हावा शेवा रस्त्यानेच परवडेल, दिल्लीकडे मात्र रेल्वे. १९८७ मध्ये मॉर्टन ओ'केली यांनी हबचं, म्हणजे माल गोळा करून पुढे पाठवायच्या ठिकाणांचं, गणित मांडलं, त्यात दोन हबांमधली वाहतूक स्वस्त धरलेली असते. पण ती स्वस्ताई गाडी भरली तरच! ४५ वाघिणींच्या रेकवर, म्हणजे अख्ख्या मालगाडीवर, वीस फुटी ९० कंटेनर बसतात. तुमच्याकडे आठवड्याला किती जमतात?

उरणची यार्डवाली: दादा, रिकाम्या कंटेनरचाही विचार करा. आयातीचा डबा भिवंडीत रिकामा होतो आणि तसाच आमच्याकडे उरणजवळ द्रोणागिरीच्या यार्डात परत येतो. डबा ज्या जहाज कंपनीचा तिने परवानगी दिली तर त्याच डब्यात निर्यातीचा माल भरा, एक रिकामी खेप वाचेल.

कळंबोलीचा ट्रेलरवाला: ताई, वही काढली. गेल्या महिन्यात एकोणीस खेपा रिकाम्या! काका, आठवड्याला बाराच कंटेनर जमतात. मग स्वतःचं यार्ड नकोच, चालू टर्मिनलच्या रेकमध्ये जागा मागतो.