लिथियम साठत नाही, जळतं

वर कुणीतरी म्हटलंय की हायड्रोजनचं हेलियम होतं तसं ताऱ्यात पुढे लिथियमही साठत जात असणार. नाही हो, उलटं आहे. लिथियम फार नाजूक, साधारण 25 लाख केल्विन तापमान झालं की प्रोटॉन येऊन आदळतो आणि त्याचे दोन हेलियम होतात, संपलं. सूर्याचा गाभा तर दीड कोटीच्या घरात, तिथे ते टिकणार कसं? पृष्ठभागावर थोडं उरलंय, पण उल्कांमध्ये असतं त्याच्या साधारण दीडशेव्या भागाइतकंच.

आणि याचा एक भारी उपयोग इथे कुणी लिहिलाच नाही. छोटे लाल तारे चुलीवरच्या आमटीसारखे तळापासून ढवळले जातात, त्यामुळे वरचं लिथियमही खाली जाऊन जळतं, पण एखाद्या गोळ्याचं वस्तुमान गुरूच्या 60-65 पटींपेक्षा कमी असेल तर आत तेवढी उष्णताच होत नाही आणि लिथियम कायम शिल्लक राहतं. कृत्तिका तारकागुच्छातला तैदे-1 हा अंधुक गोळा असाच 1995 मध्ये सापडला, मग वर्णपटात 670.8 नॅनोमीटरला लिथियमची रेघ दिसली (लॅबमध्ये लिथियमचं मीठ ज्योतीत धरल्यावर जो किरमिजी रंग येतो ना, तो हिचाच) आणि तो तारा नसून तपकिरी बटू (ताऱ्यासारखं हायड्रोजन जाळत राहण्याइतकं वस्तुमान नसलेला गोळा) आहे हे पक्कं झालं. एवढ्या एका रेघेवरून! मला तर हे अजूनही विलक्षण वाटतं.