कर्णपिशाच्चावर चालणारा फोन, आणि तोही सातारच्या एमआयडीसीत?

कंदीपेढा (सातारा): माणगंगा यांची रविवारची गोष्ट वाचल्यापासून डोकं फिरलंय. 'वेताळ इलेक्ट्रॉनिक्स' कंपनी, सातारच्या एमआयडीसीत कारखाना, आणि माल काय? मुठीत मावणारा डबा. सिम नाही, बॅटरी नाही, आत एक कर्णपिशाच्च कोंडलेलं. नाव पुटपुटलं की ते जाऊन समोरच्याच्या कानात बोलतं. अमावस्येला लिंबू दाखवलं की महिनाभर चार्ज!

भाषा झकास, मान्य. पण गाव कुठलं निवडलंत? अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे नरेंद्र दाभोलकर इथले. इथंच दवाखाना चालवला. 2013 मध्ये त्यांचा खून झाला, तेव्हा कुठं जादूटोणाविरोधी कायदा आला. तुमच्या कंपनीवर पहिल्याच दिवशी गुन्हा दाखल व्हायचा, तर तिथं पालकमंत्री फीत कापतायत.

माझ्या आईला एकानं मोबाइलच्या मागं चिकटवायची 'सिद्ध केलेली' चकती दीड हजाराला विकली. रेडिएशन ओढून घेते म्हणे. मी खरवडून काढली, आत पत्र्याचा तुकडा. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, त्या माणसाला मात्र चहा. त्यामुळं असल्या गोष्टी मला नुसती करमणूक वाटत नाहीत.

माणगंगा: कायदा फसवणाऱ्यासाठी आहे. माझा डबा गोष्टीत खरंच चालतो, रोज, कुणाच्याही हातात, वॉरंटीसकट. फसवणूक कुठाय? आणि फीत कापणं हा टोमणा होता. तो कळला नाही, याला मी काय करू?

जावळीखोरं: टॉवर लागत नाही एवढं वाचूनच मी गोष्ट चौघांना पाठवली. पाठवायला आधी लाँचनं बामणोलीला यावं लागलं, ते सोडा. कोयना प्रकल्पाची वीज 1960 मेगावॉट, आणि आमच्या वाडीत फोन लावायचा तर टेकाडावरच्या एका दगडावर चढायचं. त्या दगडालाच आम्ही टॉवर म्हणतो. पिशाच्च तर पिशाच्च, आवाज तर पोचेल!

कृष्णाकाठ (सांगली): कोयनेचं नाव काढलंच आहे तर बोलतो. ऑगस्ट 2019. धोका पातळी 45 फूट, आयर्विन पुलाला पाणी 57 च्या वर. काका गावभागात माडीवर अडकलेले, लाइट नाही, फोन मेलेला. माणूस हाय का नाय, दोन दिवस पत्ता नाही. तेव्हा कुणी हा डबा दिला असता तर लिंबू काय, लिंबाची बाग दाखवली असती. पण पाणी आलं कुठनं? तुमच्या धरणाचे दरवाजे उघडले म्हणून.

जावळीखोरं: आमचं धरण? आजोबांचं घर त्याच्या तळाशी आहे. शिव्या द्यायच्या तर खाली कर्नाटकात पाणी अडवणाऱ्या अलमट्टी धरणाला द्या.

कृष्णाकाठ: अलमट्टीला त्या पुराची कारणं शोधणाऱ्या वडनेरे समितीनं कधीच मोकळं सोडलंय. वाचत जावा जरा.

जावळीखोरं: मग नदीच्या पात्रात घरं बांधायला तुम्हाला कुणी सांगितलं तेही वाचून दाखवा.

कृष्णाकाठ: काका तीस वर्षं भाड्यानं राहतात. पूररेषा त्यांनी आखली होय? उगं तोंड उघडायला लावू नका.

कंदीपेढा: अहो, पाटबंधारे खात्याचा धागा वेगळा काढा! माणगंगा, टोमणा कळला नाही, बरं. तळटीप देत चला, आमच्यासारख्या मठ्ठांसाठी.

हळदबाजार (सांगली): मघापासून भडंग खात वाचतोय. एक कुणीच विचारलं नाही. आमची आजी सांगायची, कर्णपिशाच्च निरोप्या नसतं. ज्यानं वश केलं त्याच्या कानात ते दुसऱ्याची गुपितं सांगतं. मग इथं वश केलं कुणी? गिऱ्हाइकानं की कंपनीनं? कंपनीनं केलं असेल तर सगळ्या जिल्ह्याच्या भानगडी मालकाच्या कानात. आणि आजीच्या गोष्टीत वश करणाऱ्याचे शेवटी हालच व्हायचे. तुमचा मालक मात्र शेवटी नवी गाडी घेतो.

कंदीपेढा: हेच! मला हेच म्हणायचं होतं.

माणगंगा: तुम्ही आईच्या चकतीबद्दल बोलत होता, हे नव्हतं. पण हळदबाजार, मुद्दा बिनतोड आहे, कबूल करताना जिवावर येतंय. पुढच्या भागात मालकाला झोप नाही. आणि कंदीपेढा, तुमच्या सातारला धक्का नको म्हणून कारखाना सांगलीजवळच्या कुपवाडला हलवतो. खूश?

कृष्णाकाठ: कुपवाडला? आधी पाणी, आता भुतं. वरनं काय नको असेल ते सोडायचं आमच्याकडं.