मदत हवी आहे : प्रारण (रेडिएशन), अंतराळवीरांची विचारशक्ती आणि परस्पर सहकार्य

नमस्कार. मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमचे दोन विद्यार्थी विज्ञान प्रदर्शनासाठी वरील विषयावर तक्ते करत आहेत आणि एका मुद्द्यावर आम्ही तिघेही अडलो आहोत.

प्रारणाच्या मात्रेचा (डोसचा) हिशेब मुलांनी स्वतःच केला. क्युरिऑसिटी यानाने २०११-१२ मध्ये मंगळाकडे जाताना दररोज सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट (मिलिसीव्हर्ट हे प्रारणाच्या मात्रेचे एकक) प्रारण मोजले, तर नासाने एका अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी ६०० मिलिसीव्हर्टची मर्यादा घातली आहे. म्हणजे ती ३३३ दिवसांच्या प्रवासातच संपते. इथपर्यंत ठीक.

अडचण मेंदूपाशी आहे. अमेरिकी संशोधक चार्ल्स लिमोली यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ऑक्सिजन व टायटॅनियमच्या वेगवान अणुकेंद्रांचा (अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांत असतात तशा) मारा झालेल्या उंदरांमध्ये चेतापेशींच्या शाखा विरळ झाल्या आणि नवी वस्तू ओळखण्याची क्षमता घटली. मात्र प्रयोगशाळेत ही मात्रा थोड्या वेळात दिली जाते, प्रवासात ती महिनोन्‌महिने झिरपत राहते. उलट सहकार्याविषयीची बरीचशी माहिती मंगळप्रवासाची जमिनीवरच नक्कल करणाऱ्या, मॉस्कोतील ५२० दिवसांच्या ‘मार्स-५००’सारख्या बंदिस्त प्रयोगांतून येते, तेथे सहा जणांपैकी काहींची झोप बिघडली, पण वैश्विक किरणांचा तेथे प्रश्नच नव्हता. अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली यांनी ३४० दिवस अंतराळात काढले आणि परतल्यावर त्यांचा आकलन चाचण्यांतील वेग व अचूकता घटली, तथापि अंतराळ स्थानक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडोशालाच फिरते, म्हणजे तेथे वैश्विक किरण कमी पोहोचतात.

एका विद्यार्थ्याचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. त्याने मला विचारले, “सर, झोप न झाल्यामुळे बाबाही चुकतात, चिडतात. मग दोष किरणांचा हे ओळखायचे कसे?” मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

तेव्हा जाणकारांना विनंती अशी की, प्रारण, अपुरी झोप, एकांतवास आणि वजनरहित अवस्था यांचे परिणाम वेगळे काढण्यासाठी संशोधक प्रयोगाची रचना कशी करतात, हे बारावीच्या मुलांना कळेल असे सांगावे. तसेच उंदराच्या स्मृतीवरून माणसांच्या चमूविषयी तक्त्यावर किती ठामपणे लिहिणे योग्य ठरेल? सध्याच्या मसुद्यात ‘प्रारणामुळे अंतराळवीरांमध्ये भांडणे होतात’ असे वाक्य आहे, आणि ते मला खोडावेसे वाटते.

जाता जाता एक शंका : ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द मी किरणोत्सारी पदार्थांपुरता राखून येथे ‘प्रारण’ वापरला आहे, पण परीक्षकांना तो परिचित असेल का?