गाणी आणि सिनेमा एकाच सेटवर: रिसिव्हर घ्यावा की स्टिरिओ अँप?

मनीषनगरकर: हॉल १२ बाय १५, खाली टाइल्स, बजेट लाखभर. रोज संध्याकाळी बाबांचं शास्त्रीय, शनिवारी पोरांचे सिनेमे. बर्डीवर (नागपूरचा सीताबर्डी बाजार) एकानं 'हजार वॅट'चा ५.१ संच (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) ऐकवला. मारामारी दणक्यात वाजली, पण डग्गा म्हणजे नुसता गुंगाट. काय घेऊ, टीव्ही जोडून पाच-सहा स्पीकर चालवणारा रिसिव्हर की दोनच स्पीकरांचा स्टिरिओ अँप?

जुनी कॅसेट: भाऊ, लाखात पाच स्पीकर घ्याल तर एकही धड येणार नाही. रिसिव्हर घ्या, पण निम्म्याहून जास्त पैसे समोरच्या दोन स्पीकरांवर घाला. सेंटर, मागचे, सबवूफर सवडीनं. मेनूत सेंटर नाही असं सांगितलं की संवाद त्या दोघांतूनच येतात. मधोमध बसणाऱ्याला ते पडद्यातून आल्यासारखे वाटतात. कडेच्या खुर्चीवाल्याला मात्र नाही.

वॅटचं मनावर घेऊ नका. वॅट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच वाढतात. ८७ ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त मोठा वाजणारा) स्पीकर घेतला तर तेवढंच फुकटात.

एक गोष्ट दुकानातच डबा उलटा करून बघा: मागे फ्रंट प्री-आउट (समोरच्या दोन स्पीकरांचा सिग्नल दुसऱ्या अँपला देणारं सॉकेट) आहे का? स्वस्तातल्या बऱ्याच रिसिव्हरांना फक्त सबवूफरचा असतो. पुढे होम थिएटर बायपासवाला (रिसिव्हरचा सिग्नल आवाज कमीजास्त न करता पुढे नेणारा) स्टिरिओ अँप घेऊन त्या प्री-आउटला जोडलात, तर गाण्याच्या वेळी रिसिव्हर बंदच ठेवता येतो.

उमरेड रोड: मी उलटं सांगीन. ऐकणं रोजचं, सिनेमा आठवड्यातून एकदा, मग रिसिव्हर काहून? ऑप्टिकल इनपुटवाला (टीव्हीची डिजिटल वायर लागणारा) इंटिग्रेटेड, म्हणजे स्टिरिओच, अँप घ्या, टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएम (साधा डिजिटल आवाज) निवडा (नाहीतर डॉल्बी सुरू झालं की अँप मुकं), झालं. आणि टाइल्सवर सतरंजी टाका, हजारभरात आवाज सुधारतो.

राजेहो, कूलरचं कोणीच बोललं नाही! दुकानात एसी असतो. आपल्याकडे मे महिन्यात त्या घरघरीत तानपुरा कुठून ऐकू येणार? त्यात झोत थेट स्पीकरवर नको. माझ्या जुन्या जोडीचे कागदी कोन दोन उन्हाळ्यांत दमटून लोळागोळा झाले.

जुनी कॅसेट: कूलरचं खरं आहे बाप्पा. पण पोरं मोठी होतायत, मागचे स्पीकर मागणारच. मी रिसिव्हरवरच ठाम.

मनीषनगरकर: प्री-आउटवाला रिसिव्हर आणि दोन बुकशेल्फ (छोटे) स्पीकर, असं ठरतंय. बाबांची रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊन रविवारी पुन्हा बर्डीवर जातो. पण कूलर नेमका टीव्हीच्या बाजूच्या खिडकीत आहे, आणि बाबा म्हणतात, टीव्ही हलव, कूलर हलणार नाही.