मदत हवी आहे: वर्षानं परत आलेल्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. मी मूळची वेंगुर्ल्याची, लग्नानंतर काणकोणात. पाळोळेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं नाश्त्याचं छोटं दुकान आहे. पावसाच्या आधी किनाऱ्यावरच्या झोपड्या उतरवतात, तेव्हा आम्हीही गाशा गुंडाळतो. गिऱ्हाईक बरंचसं इंग्लंडचं, त्यातही पेन्शनर. दर हिवाळ्यात तीच माणसं. ऑर्डर, हिशेब एवढं इंग्रजी येतं. अडतं ते पहिल्याच वाक्याला.

परवा एक आजी-आजोबा आले, चौथं वर्ष. आनंदाच्या भरात मी 'नाइस टू मीट यू' म्हणून मोकळी! आजी हसून म्हणाल्या, 'वी मेट इयर्स अगो, डार्लिंग.' सावरायला म्हणून आजोबांना म्हटलं, 'यू बिकेम सो थिन!' आपल्याकडे 'बारीक झालात हो' ही काळजीच की. आजोबा गप्प. नंतर आजींनी काउंटरपाशी येऊन हळूच सांगितलं, मध्ये त्यांचं मोठं ऑपरेशन झालं. दोन दिवस मला घास गोड लागला नाही.

आणि ते लोक येता येता 'यू ऑल राइट?' विचारतात, त्याला काय उत्तर द्यायचं? मी आपली विचारते, 'व्हाय, व्हॉट हॅपन्ड?'

'वेलकम सर, वेलकम मॅडम' नको, ते हॉटेलवाल्यासारखं वाटतं. 'अगोबाई, आलात!' एवढंच म्हणायचंय.

प्रतिसाद १
ताई, मी लीड्सला औषधांच्या दुकानात काउंटरवर बरीच वर्षं काढली. 'यू ऑल राइट?' म्हणजे नुसतं 'काय, बरं ना?' तब्येत विचारत नाहीत. 'यस, यू?' म्हणायचं, संपलं.

'मीट' पहिल्या भेटीला, नंतर 'सी'. 'गुड टू सी यू अगेन' किंवा 'वेलकम बॅक'. चेहरा ओळखीचा वाटतोय पण खात्री नाही, तर 'अगेन' गाळा. नुसतं 'गुड टू सी यू' दोन्हीकडे खपतं. पुढे आपलं 'कधी आलात?' जसंच्या तसं चालतं: 'वेन डिड यू गेट इन?' मग विमान, थंडी, गुडघे, सगळं तेच सांगतात. अंगावर, वजनावर मात्र बोलू नका, कौतुकानंसुद्धा.

प्रतिसाद २
'लाँग टाइम नो सी' राहिलं की.

प्रतिसाद १
दोस्तांत ठीक. सत्तरीच्या माणसाला काउंटरवरून मी नाही म्हणणार. त्यापेक्षा नाव लक्षात असेल तर नावानं हाक मारा.

धागाकर्ती
नावानं? वडिलांच्या वयाच्या माणसाला? जीभ वळत नाही हो.

प्रतिसाद १
मलाही सहा महिने लागले. इंग्रजीत 'अहो' नाही, आवाजातच आणायचं. आणि त्यांचं नेहमीचं खाणंपिणं आठवत असेल तर तेच विचारा, त्याहून मोठं स्वागत नाही.

धागाकर्ती
आज सकाळी केलं. 'गुड टू सी यू' म्हटलं, नाव घेतलं (हळूच), आणि विचारलं, 'ब्लॅक कॉफी, नो शुगर?' आजोबा खुर्ची ओढत म्हणाले, 'टी, दिस इयर.' आजी म्हणाल्या, 'अँड शी रिमेम्बर्ड!' चहा आपल्यासारखा उकळून दिला, दोघांनी दोनदा घेतला.