जर्मनीतली साधीसुधी लहानपणं : ऐकलेलं लिहा

हँबर्गला आमच्या खालच्या मजल्यावर ९३ वर्षांच्या आजी राहतात. परवा त्यांनी अल्बम काढला. पांढरा ब्लाऊज, निळा स्कर्ट, गळ्यात काळा रुमाल, दहा वर्षांची पोर. १९३९पासून हिटलरच्या बालसंघटनेत जाणं सक्तीचं होतं ना, असं मी विचारलं. म्हणाल्या, "सक्ती कसली! मी दिवस मोजत होते." शिबिरं, शेकोटी, गाणी आणि आईची कटकट नाही.

मग सहज म्हणाव्यात तसं म्हणाल्या, समोरचं ज्यू कुटुंब एका पहाटे गेलं. त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. त्यातलं शिवणयंत्र आमच्याकडे आलं. माझे सगळे फ्रॉक त्याच्यावरच शिवलेले.

मला पुढे बोलवेना. तुमच्या सासरी, घरमालकांकडे, ऑफिसात असं काही ऐकलंत? हिटलरचा काळ किंवा पूर्व जर्मनी, दोन्ही चालेल. लढाया नकोत, त्या पुस्तकांत आहेत.

*

१९८४ साली ग्योटिंगेनला शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. युद्ध सुरू झाल्यापासून परदेशी रेडिओ ऐकणं गुन्हा होता. घरमालकांचे वडील घोंगडी डोक्यावर घेऊन लंडन ऐकायचे आणि हे आठ वर्षांचे जिन्यात गोट्या खेळायचे. कुणी वर यायला लागलं की गोटी खाली सोडायची, एवढाच हुकूम. आपण पहारा देत होतो, हे त्यांना युद्ध संपल्यावर कळलं. तोवर त्यांना वाटायचं, बाबांना डोकेदुखी आहे, आवाज सोसत नाही!

*

माझा नवरा लायप्झिगचा, जन्म १९७४. निळा रुमाल बांधून रद्दी आणि रिकाम्या बाटल्या गोळा करायचा. त्याचे पैसे मिळायचे, त्यामुळे पायोनियर, म्हणजे पूर्व जर्मनीच्या बालसंघटनेत, असण्याबद्दल त्याची काही तक्रार नाही. मात्र शाळेत बाई गोड आवाजात विचारायच्या, "तुमच्या टीव्हीवरच्या घड्याळाला ठिपके आहेत की रेघा?" उत्तरावरून त्यांना कळायचं, घरी पूर्वेच्या बातम्या लागतात की पश्चिमेच्या. सासूबाईंनी पढवून ठेवलं होतं, "मी लवकर झोपतो म्हण."

१९९२पासून श्टाझीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, फायली बघता येऊ लागल्या. सासऱ्यांनी अर्ज केलाच नाही. "कुणाचं नाव निघेल ते माहीत आहे, आणि रविवारी तो जेवायला येतो," म्हणाले. मला हे अजून पचलेलं नाही. नवऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

*

माझी सहकारी ड्रेस्डेनची. तिथे पश्चिमेचं प्रक्षेपण पोचायचंच नाही. ती म्हणते, "आम्हाला खोटं बोलायची सोयच नव्हती."

*

धागाकर्त्या, ते शिवणयंत्र आता कुठे आहे?

*

आजींच्या तळघरात. काल विचारलं. म्हणाल्या, "सुई बदलली की चालेल. तुला हवंय का?"